कर्जतचा धक्का

कर्जतला गाडी थांबली. वडा संपवून चहाचा कप ओठांपर्यंत आणला आणि मागून धक्का बसला. हलकाच, पण पुरेसा. कप माझ्याबरोबर पुढे गेला, चहा मागे राहिला, म्हणजे माझ्या शर्टावर. समोरच्या काकांनी पेपरातून डोकं न काढता सांगितलं, "इंजिन लागलं."

बोरघाटात ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, असा चढ आहे. १८६३ साली हा मार्ग सुरू झाला तरी घाट काही वाकला नाही. आजही गाडीला मागून इंजिनं लावून ढकलावं लागतं. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. सगळी पुढेच का नाही जोडत? कारण मग अख्ख्या गाडीचा ताण पहिल्या कपलिंगवर येईल आणि ते तुटायची भीती.

चहानं जे केलं त्याला शाळेत 'जडत्व' म्हणायचे. मला हा शब्द अन्यायाचा वाटतो. चालत्या वस्तूला थांबावंसं वाटत नाही, हेही त्यातच येतं. पण ऐकताना नुसता आळस ऐकू येतो.

जड म्हणजे आजीचं लोखंडी कपाट. भिंत रंगवायची म्हणून बाबा आणि दोन काका ते ढकलायला लागले. मीही होतो, पण मोजणीत नाही. "अरे, आधी रिकामं तरी करा," आजी दारातून म्हणाली. तीन मुलगे असताना रिकामं करायचं? पुन्हा जोर. कपाट जागेवर, आणि मोजे घातलेले बाबाच गुळगुळीत फरशीवरून मागे मागे! कपाटानं त्यांना तितक्याच जोरानं परत ढकललं होतं. न्यूटननं हे १६८७ साली छापून ठेवलंय, पण घरात कोणी वाचलं नव्हतं. आजीनं मोजे काढायला लावले, एकेक कोपरा उचलून खाली गोणपाट सारलं. पुढच्या रेट्याला कपाट असं सुटलं की धाकटे काका त्याच्या दारावरच आपटले. थांबलेलं हलवायला लागतो तेवढा जोर हलतं ठेवायला लागत नाही. जात्यावर दळलेल्या बाईला हे कोण सांगणार?

कपाटामागे कॅरमचा हरवलेला स्ट्रायकर सापडला. गॅलिलिओनं उतारावर गोळे सोडून घर्षण मनातल्या मनात पुसून टाकलं. आम्ही बोरिक पावडर टाकायचो. मी तिथेच उकिडवा बसून टिचकी मारली. धुळीतून तो कसाबसा दोन हात गेला आणि आजीच्या पायाशी थांबला. तिनं अंगठ्यानं परत ढकलला.