आपलं छत, त्यांची जमीन

लाकडी माळ्याखाली राहणाऱ्याला वरच्यांचं वेळापत्रक पाठ असतं. कोण पहाटे उठतं, कुणाची टाच जड पडते, कोण चिडलं की भांडी आदळतं, हे विचारावं लागत नाही. मी अशा घराच्या दोन्ही बाजू पाहिल्या. लहानपणी गिरगावात आम्ही वरचे होतो, साकीनाक्यात आल्यावर खालचे झालो. आणि सगळ्या उन्हाळी सुट्ट्या पैठणला आजोळी गेल्या, तिथे डोक्यावर कुणीच नव्हतं.

गिरगावची चाळ सागवानाची. जाड तुळया, तुळयांवर हातहातभर अंतरावर कड्या, कड्यांवर फळ्या. खालच्यांची तक्तपोशी तीच आमची जमीन. आजीचा एक धोशा असे, "हळू चाल गं, खाली माणसं राहतात." खलबत्ता ठेवायचा तो भिंतीच्या कडेला, आणि त्याच्याखाली गोणपाटाची जाड घडी. दाण्याचं कूट असो की वेलदोडे, खोलीच्या मधोमध बसून कुणी कुटत नसे. दोरीवरच्या उड्या मारायच्या त्या खाली अंगणात. हे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण चाळीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाला ते ठाऊक होते.

आजीला ध्वनिशास्त्र येत नव्हतं, तरी तिचं बरोबर होतं. कडीचं टोक भिंतीत रुतलेलं असतं, तिथे ती फारशी हलत नाही. घाव मधोमध पडला तर मात्र अख्खी कडी लवते, आणि तिच्यावरच्या फळ्या ढोलाच्या पानासारख्या थरथरतात. गोणपाटाचं कामही तेवढंच महत्त्वाचं. घाव लाकडात उतरण्याआधीच त्याची धार ते मोडून टाकतं. एकदा का थरथर लाकडात उतरली, की खालून कितीही कापूस कोंबा, ती वाट काढतेच.

पुढे चाळीला टेकू लागले. शहरातल्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ सालीच कायदा झाला होता, मंडळ स्थापन झालं होतं आणि सडलेल्या कड्यांच्या जागी लोखंडी बीम येत होते. आमच्या वाट्याला बीम आले नाहीत. वडिलांची नोकरी मरोळला होती. त्यांनी गिरगाव सोडलं आणि साकीनाक्याच्या एका गल्लीत पत्र्याची खोली घेतली.

पैठणच्या वाड्याला माळवद होतं. खाली तेच सागवान, पण फळ्यांवर फूटभर पांढऱ्या मातीचा थर, दाबून, चोपून बसवलेला. गच्चीवर मुलं धावली, मिरच्या वाळत घालायला बायकांची ये-जा चालली, तरी खाली आजोबांची दुपारची झोप मोडत नसे. हिशेब केला की कारण कळतं. इंचभर जाडीची सागवानी फळी एका चौरस मीटरला साधारण १६ किलो भरते. फूटभर चोपलेली माती त्याच चौरस मीटरवर जवळजवळ अर्धा टन. हवेतून आलेला आवाज एवढं ओझं हलवू शकत नाही, आणि पावलाचा धक्का मातीतच जिरतो. स्कॉटलंडमधल्या जुन्या बहुमजली घरांत याचसाठी कड्यांमधल्या पोकळीत कोळशाची राख भरत. माती नव्हे तर राख, पण अक्कल एकच.

या शांततेची किंमत मराठवाड्याने एकदा मोजली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या आणि माळवदांचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. त्या दिवाळीत आजोळी गेलो, तेव्हा मामा तक्तपोशीकडे बघत बराच वेळ बसला होता. पुढच्या उन्हाळ्यात त्याने माती उतरवली आणि पत्रे घातले. घर हलकं झालं, सुरक्षित झालं, आणि त्या वर्षीचा पहिला पाऊस घरातल्या कुणालाच बोलू देईना.

साकीनाक्याच्या खोलीवर माळा चढवायचं वडिलांनी ठरवलं, तेव्हा हे सगळं आम्हाला ठाऊक असून उपयोगाचं नव्हतं. वस्तीत घराची उंची १४ फुटांच्या आत ठेवायची. त्यात खालची खोली, वरची खोली आणि माथ्यावर पत्रा. वाटणी केली की खालच्यांना सात फूटही मिळत नाहीत. आमच्याकडे पंखासुद्धा भिंतीवरचा आहे. पाया कशाचा, हे तर विचारूच नये, त्यामुळे मातीचं नाव काढायची सोय नव्हती. वडिलांनी जुन्या लाकडाच्या वखारीतून कड्या आणल्या. कुठली तरी पाडलेली इमारत, सागवान अस्सल, जागोजाग खिळ्यांची भोकं. त्यांवर फळ्या ठोकल्या, बाहेरून लोखंडी शिडी लावली आणि वरची खोली भाड्याने दिली. त्या भाड्यावर माझं कॉलेज झालं. वरून येणारा आवाज हे आमच्या घराचं उत्पन्न होतं, म्हणून तक्रारीला जागा नव्हती.

आता खाली मी शिकवण्या घेते. वर एक कुटुंब राहतं. वहिनी ब्लाउज शिवतात, मोटारीच्या मशीनवर. मशीन उजेडासाठी खिडकीपाशी, म्हणजे नेमकं कड्यांच्या मधोमध. खाली अपूर्णांक चालू असताना वरून घर्रर्र सुरू झालं की मुलं वर बघतात आणि छेद-अंश तसेच राहतात.

उपाय सांगणारे पुष्कळ भेटले. कुणी थर्माकोल लावायला सांगितलं, कुणी अंड्यांचे ट्रे. दोन्ही हलके, आवाज अडवायला वजन लागतं ते त्यांच्यात कुठून येणार? ट्रेमुळे फार तर खोलीतला घुम थोडा कमी होतो. शिवाय आगीची भीती. ज्या गल्लीत बंब शिरत नाही तिथे डोक्यावर थर्माकोल चिकटवणं म्हणजे संकटाला आमंत्रण. पीओपीची फॉल्स सीलिंग करा, असंही एकाने सुचवलं. पण ती कड्यांनाच घट्ट टांगली तर कडीची थरथर तिच्यातही उतरते. कड्यांपासून सुटी ठेवायची तर उंची हवी, आणि ती तर आधीच वाटली गेलेली.

शेवटी एका सुताराला घेऊन काम काढलं. आधी फळ्यांमधल्या फटी. बोलणं, टीव्ही, कुकरची शिट्टी हे आवाज हवेचे, जिथून हवा जाते तिथून ते जातात. सुताराने भुसा आणि फेविकॉल कालवून प्रत्येक फट पट्टीने दाबून भरली. कोपऱ्यात वायर वर जाते तिथलं भोकसुद्धा सोडलं नाही. मग कड्यांच्या मधल्या पोकळीत ५० मिलिमीटरचं रॉकवूल बसवलं. ते दगडापासून करतात, जळत नाही, आणि पोकळीतच मावत असल्याने उंची खात नाही. हाताला मात्र सारखी खाज सुटते. सुतार तोंडाला रुमाल बांधून पुटपुटत होता. त्याखाली साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड. दहा बाय बाराच्या खोलीला त्या एका थराचंच वजन शंभर किलोच्या आसपास जातं. वखारीतल्या कड्यांनी ते निमूट पेललं.

वरचं बोलणं खाली येणं जवळपास थांबलं. मशीन मात्र तशीच ऐकू येत राहिली, टाचही तशीच. सुतार म्हणाला, "ताई, ह्याचं औषध खालून नाय. वर जावं लागंल."

म्हणून शिडी चढून वर गेले. भाड्याची पावती द्यायला मी दारापर्यंत जात असे, आत बसले ती तेव्हा. वहिनींनी चहा टाकला. मी मशीनचं कसं काढावं या विचारात होते, तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. पश्चिमेकडे तोंड करून उतरणारी विमानं घाटकोपरकडून येतात आणि जरीमरीला भिडून धावपट्टी गाठतात. आमच्यासाठी मध्ये एक मजला असतो, यांच्यासाठी नुसता पत्रा. चहाचा कप बशीत किणकिणला आणि वहिनी वाक्य अर्ध्यावर थांबवून वाट बघत राहिल्या. त्यांना सवय होती. मग त्यांनी त्यांचं गाऱ्हाणं सांगितलं. संध्याकाळी खाली वीस पोरं पाढे म्हणायची, तेव्हा त्यांचं बाळ उठायचं. आता बोर्ड लागल्यापासून बरं आहे, म्हणाल्या.

म्हणजे बोलण्याचा आवाज दोन्हीकडे जातो, हे इतकी वर्षं मी धरलंच नव्हतं. पावलांची तक्रार तेवढी फक्त खालच्याची असते, कारण पावलं एकाच दिशेने पडतात. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती लाउडस्पीकरवाल्याला दाखवता येते, ब्लाउज शिवणाऱ्या बाईला नाही.

मग आमचं ठरलं. मशीन भिंतीकडेला सरकली, तिथे एक जास्तीचा बल्ब मी दिला. मशीनच्या पायांखाली जाड रबराचे तुकडे, आणि खोलीभर फोमच्या अस्तराची चटई. त्यांच्या पत्र्याला आतून रॉकवूल आणि बोर्ड, तो खर्च आमचा. पत्र्यावर पाऊस वाजतो तो पत्रा थरथरतो म्हणून, त्यामुळे वरून डांबरी शीटही चिकटवली. उन्हाळ्यात खोली थोडी कमी तापते, हा वरचा फायदा.

मशीनची घर्रर्र आता कान दिला तरच कळते. टाचेचा धप्प आवाज येतोच. तो फार खालच्या सुरातला असतो, हलक्या लाकडी जमिनीत त्याला पुरतं अडवायला पुन्हा मातीच हवी. विमानाचंही तसंच, ते कमी झालं, गेलं नाही.

गल्लीत आता झोपुच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या, इमारतीची चर्चा आहे. सिमेंटचा स्लॅब येईल, त्याचं वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या घरात असेल, आणि आपण सुटलो असं मुलांना वाटतं. त्यांना मी सांगते, स्लॅबमधून बोलणं येत नाही, पण ओढलेली खुर्ची आणि खलबत्ता छान येतो. डोक्यावर कोण येणार ते सोडतीत ठरेल. चावी मिळाली की जिप्सम बोर्डाचा भाव नंतर काढू, आधी वर जाऊन चहा पिऊन येऊ.