एक स्वाम्प रानातला, एक मोरीतला

स्वीडनमध्ये शरद ऋतूत माणसं टोपल्या घेऊन रानात जातात ती 'स्वाम्प' वेचायला, आणि घरी येऊन भांडी घासतात तीही 'स्वाम्प'नेच. पहिला स्वाम्प म्हणजे अळंबी, दुसरा स्पंज. डॅनिशमध्येही तसंच. नॉर्वेत मात्र अळंबी 'सॉप' आणि स्पंज 'स्वाम्प'; आइसलँडिकमध्ये 'स्वेप्पुर' आणि 'स्वाम्पुर'.

जर्मानिक भाषांच्या इतिहासाची अभ्यासक म्हणून या जोड्या मला फार प्रिय आहेत. जुन्या नॉर्सच्या पश्चिमेकडच्या बोलींत अनुनासिक पुढच्या व्यंजनात विरून जाई. 'म्प'चं 'प्प' होई, 'न्ट'चं 'ट्ट'. हातमोज्याला स्वीडिशमध्ये 'वान्टे' आणि नॉर्वेजियनमध्ये 'वॉट' म्हणतात, ते यामुळेच. संस्कृतातल्या 'सप्त'चं प्राकृतात 'सत्त' झालं, तीही अशीच एका व्यंजनाने दुसऱ्याला गिळण्याची गोष्ट. म्हणजे 'सॉप' आणि 'स्वेप्पुर' ही तिथल्याच मातीत झिजलेली रूपं, तर 'म्प' शाबूत असलेला शब्द तिथे मागाहून आला. अंघोळीचा स्पंज भूमध्य समुद्रातून येणारा माल. वस्तू बाहेरची, म्हणून नावही बाहेरचं, हे मला पटतं. रानातल्या अळंबीला नवं नाव घ्यायची गरजच नव्हती.

कोशकार 'स्वाम्प' या शब्दापुढे १ आणि २ असे आकडे टाकून दोन अर्थ वेगळे करतात. माझा त्याला आक्षेप आहे. चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलमध्ये क्रुसावरच्या येशूपुढे आंबेत बुडवून धरलेल्या स्पंजासाठी याच कुळातला शब्द आहे. इकडे बव्हेरियात अळंबीला अजून 'श्वामर्ल' म्हणतात. चेक भाषेतला 'होउबा' वेगळ्या मुळातला, तरी त्याचे अर्थ हेच दोन. आणि फिनिश तर इंडो-युरोपीय कुळातलीही नाही, पण तिच्या 'सिएनी'चे अर्थही अळंबी आणि स्पंज! एवढ्या भाषांनी हा योगायोग जुळवून आणला म्हणणं कठीण आहे. त्यांनी नाव दिलं ते हाताला लागलेल्या गुणाला: मऊ, सच्छिद्र, पाणी पिणारं.

पुरावा हवा असेल तर 'स्टेनसॉप' नावाची अळंबी उलटी करून पाहावी. 'सॉप' स्वीडिशमध्येही अशा काही अळंब्यांच्या नावांत आढळतो. फ्रान्समध्ये जन्मलेल्या कार्ल-युहान राजामुळे तिला राजाचंही नाव मिळालं. तिच्या छत्रीखाली पडदे नसतात. असतात दाटीने उभ्या बारीक नळ्या, आणि बोट लावलं की थेट स्पंज.

शास्त्रज्ञांना मात्र ही जोडी फोडावी लागली. लिनिअसने १७५३ साली स्पंज शैवालांच्या गटात घातले होते. पुढे ते प्राणी ठरले आणि स्वीडिशने त्यांच्यासाठी 'स्वाम्पयूर' असा जोडशब्द केला, म्हणजे स्वाम्प-प्राणी. आज तर बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची मानली जाते. त्यामुळे वंशावळीत अळंबी आणि स्पंज एकमेकांना जितके जवळ आहेत, तितकं त्यांतलं कोणीच झाडाच्या जवळ नाही.