फेंडरचा दोर कुठे बांधावा

फेंडर, म्हणजे बोट आणि जेटीच्या मध्ये टांगायची हवेची उशी, घ्यायला दुकानात गेलं की सगळी चर्चा फेंडरचीच होते. पांढरा की निळा, लांबी किती, हवा टिकते का, किंमत काय. त्याच्या दोराचं दुसरं टोक बोटीवर कुठे बांधायचं, हे सहसा कोणी विचारत नाही, कारण उत्तर डोळ्यांसमोरच असतं. स्टीलचा चकचकीत कठडा हाताच्या उंचीवर आहे, नाळेपासून मागपर्यंत डेकच्या कडेनं गेलेला आहे. वरच्या पाइपाला दोन वेढे मारले की झालं काम. माझं म्हणणं असं की फेंडर चांगले असूनही मोटारबोटींचं जे नुकसान होतं, त्यातलं बरंचसं या दोन वेढ्यांपासून सुरू होतं. फेंडरच्या निवडीत थोडी चूक झाली तर बाजूला ओरखडा येतो, पॉलिश करून जातो. बांधण्याची जागा चुकली तर डेकच्या पोटात पाणी शिरतं, आणि ते कळेपर्यंत दोन-तीन पावसाळे निघून गेलेले असतात.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं: अहो, फेंडरचं वजन ते काय, दोन किलो! कठडा माणसाचा भार घेतो, दोन किलोनं त्याचं काय बिघडणार? फेंडर नुसता लोंबत असतो तोवर हे खरंच आहे. पण लोंबणं हे फेंडरचं काम नाही, चेपून घेणं हे काम आहे. वारा, किंवा शेजारून गेलेल्या लाँचची लाट, बोटीला जेटीवर दाबते, तेव्हा मधला फेंडर खरखरीत दगडाला घट्ट धरतो आणि जागचा हलत नाही. बोट मात्र वर-खाली, पुढे-मागे हलतच असते. ती ओढ जाणार कुठे? बोटीचं अंग गुळगुळीत आणि ओलं, त्यावरून फेंडर घसरतो. घर्षणानं थोडा भाग तिथे जिरतो आणि उरलेला सगळा दोरात येतो. ढोबळ हिशेब करू. दाब २०० किलोचा धरला आणि दगडाशी घर्षण त्याच्या निम्मं धरलं, तर १०० किलोपर्यंतची ओढ तयार होते. त्यातले ४० किलो जरी कठड्याच्या वरच्या पाइपावर आडवे लागले, तरी खाली काय होतं ते बघा. खांब साधारण ६० सेंमी उंच, आणि तळाच्या पट्टीतले बोल्ट एकमेकांपासून जेमतेम ६ सेंमीवर. ही सरळ तरफ आहे, दहापट. वरचे ४० किलो खाली बोल्टावर ४०० किलो होऊन पोचतात, आणि एकदा नव्हे, प्रत्येक लाटेला. दोर बारीक घेतला तर आधी तो तुटेल आणि कठडा वाचेल, ही आशाही फोल आहे. आठ मिलिमीटरचा चांगला पॉलिएस्टर दोर तुटायला हजारेक किलोंची ओढ लागते. त्याच्या कितीतरी आधी खांब वाकलेला असतो.

खांब वाकला तर निदान दिसतो तरी. वाईट ते, जे दिसत नाही. फायबरच्या पुष्कळ बोटींचं डेक भरीव नसतं. वर-खाली फायबरचे पातळ थर आणि मध्ये बाल्सा, प्लायवूड किंवा फोम. खांबाची पट्टी वारंवार हलली की तिच्याखालच्या सीलंटची पकड सुटते, बोल्टाच्या भोकातून पाणी आत झिरपतं आणि बाल्सा किंवा प्लाय असेल तर आतल्या आत कुजायला लागतो. खुणा बारीक असतात, पण असतात. पट्टीच्या कडेला केसाएवढ्या भेगा कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या दिसतात, बोल्टाच्या डोक्याखालून गंजाचा तपकिरी ओघळ आलेला असतो, आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं भोवती ठोकत गेलं तर टणटणीत आवाज मध्येच बद्द होतो. पावसाळ्यात बोट वर ओढून ताडपत्रीखाली चार महिने ठेवली, की आतलं पाणी वाळायलाही वाव मिळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. परदेशातल्या मरीनांत शेकडो बोटींचे फेंडर कठड्यालाच टांगलेले दिसतात, त्यासाठी पाइपावर बसणाऱ्या खास क्लिपा विकत मिळतात, मग ते सगळे वेडे का? वेडे नाहीत; त्यांची जेटी तरंगती असते. पाणी चढलं की पाँटून आणि बोट दोन्ही बरोबरच चढतात, भोवती लाटरोधक भिंत असते, कडेला रबर किंवा लाकूड लावलेलं असतं. तिथे कठड्यावर येणारा ताण फार थोडा. मुंबईच्या बंदरात आजही दगडी पायऱ्या आणि काँक्रीटचे स्थिर धक्के पुष्कळ आहेत, आणि उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या पुढे जातो. भांगाच्या भरतीला तो बराच कमी होतो, आणि गोव्यात मांडवीवर तर उधाणालाही साधारण निम्माच असतो, म्हणून तिकडची सवय इकडे आणली की फसगत होते. चार मीटरच्या भरतीत मधल्या दोन तासांत पाणी तासाला मीटरभर चढतं. खांबांवर आडव्या तुळया असलेल्या जेटीला ओहोटीत बोट लावली आणि एखादा फेंडर तुळईच्या खाली अडकला, तर चढत्या पाण्यात बोट वर यायला बघते आणि फेंडर तिला खाली धरून ठेवतो. मग कठडा दोन किलोचा फेंडर धरत नसतो. टनांत मोजायच्या बोटीला उचलणारं पाणी एका बाजूला, तुळई दुसऱ्या बाजूला आणि मध्ये चार बोल्ट, असा तो सामना असतो. माडीच्या कठड्याला कोणी म्हैस बांधत नाही. इथे आपण तेच करतो.

आणि कठडा मुळात माणसांसाठी असतो. हलत्या डेकवर पाय घसरला तर माणूस त्यालाच धरणार. तो त्या क्षणी पक्का असला पाहिजे, म्हणून त्याची ताकद फेंडरवर खर्च करायची नाही. हा मुद्दा मला बाकी सगळ्या हिशेबापेक्षा मोठा वाटतो.

बंदरातल्या टगांकडे पाहावं. त्यांच्या अंगावरचे टायर साखळ्यांनी थेट अंगाच्याच लोखंडी कड्यांना अडकवलेले असतात, रेलिंगला नव्हे. मग टायरच का नकोत, स्वस्त आणि न फुटणारे? ज्यांच्या काठाला जाड लाकडी पट्टा आहे त्या लाँचना आणि मच्छीमार बोटींना ते उत्तमच. पांढऱ्या जेलकोटवर मात्र टायर काळे पट्टे ओढतो, आणि त्याच्या पोटात साचलेलं पाणी डासांच्याच कामाचं. भोक पाडून ते काढता येतं, पट्टे मात्र उठतच राहतात.

तर फेंडरची निवड. बोटीच्या दर ४-५ फुटांना १ इंच व्यास, हा जुना ठोकताळा बरा आहे. म्हणजे ३० फुटी बोटीला ६ ते ८ इंच. पण तो शांत मरीनासाठी; दगडी धक्क्याला नि लाँचांच्या लाटांत एक माप मोठंच घ्यावं. एका बाजूला निदान तीन, आणि नाळेकडे जिथे बोटीचं अंग बाहेर झुकतं तिथे लांबट फेंडर नीट बसत नाही, तिथे गोळा हवा. हवा इतकीच की अंगठ्यानं दाबल्यावर थोडं आत जावं. सकाळी दगडासारखा भरलेला फेंडर दुपारच्या उन्हात आणखी ताठ होतो, मग तो चेपत नाही, चेंडूसारखा उसळतो. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या दगडांवर कालवं असतात. त्यांची कड पातीसारखी धारदार, पीव्हीसी चिरायला एक घासणी पुरते. तिथे दोन फेंडरांच्या बाहेरून एक फळी टांगावी, म्हणजे दगडाशी फळी भांडते. खांबांच्या जेटीलाही हाच उपाय, कारण एकटा फेंडर खांबावरून घरंगळून बाजूला निघून जातो. कापडी खोळी दिसतात छान, पण त्यांत रेती बसली की त्या पॉलिशपेपरचं काम करतात. खोळ घालायची तर ती धुवायचीही.

आता दोर. क्लीट, म्हणजे दोर बांधायची डेकवरची खुंटी, जवळ असेल तर क्लीटला. नेमक्या फेंडरच्या जागी क्लीट नसतो, ही तक्रार रास्त आहे. अशा वेळी दोर कठड्याच्या वरच्या पाइपाला न बांधता खांबाच्या बुंध्याशी, डेकला टेकून बांधावा. ओढ तीच राहते, तरफ जवळजवळ नाहीशी होते. याहून चांगलं म्हणजे पुढच्या क्लीटपासून मधल्या क्लीटपर्यंत डेकच्या कडेनं, खांबांच्या बाहेरून, एक जाड दोर ताणून घ्यायचा आणि फेंडर त्याला टांगायचे. हवे तिथे सरकवता येतात आणि सगळा भार मुळात भार घेण्यासाठी बसवलेल्या दोन क्लीटांवर जातो. गाठीबद्दल एवढंच: नुसते दोन उलटसुलट वेढे, म्हणजे क्लोव्ह हिच, गुळगुळीत पाइपावर बोट डोलत राहिली की सैल होत जाते आणि फेंडर गुपचूप पाण्यात उतरतो. आधी एक पूर्ण वेढा, मग दोन अर्ध्या गाठी, शेवटची सुरगाठीसारखी फास ठेवून. निरगाठ कधीच नको. तुळईखाली अडकलेला फेंडर सोडवायला एक झटका पुरला पाहिजे, चाकू शोधावा लागू नये.

जेटीला लागता लागता, उंची अजून ठरलेली नसताना, पाच-दहा मिनिटांसाठी फेंडर कठड्याला लटकवायला माझी हरकत नाही. बोट दोरांनी स्थिर झाली की तेच फेंडर खाली उतरवून बुंध्याशी बांधायचे, एवढाच एक जादा फेरा. फेंडर ठेवायच्या स्टीलच्या टोपल्याही कठड्यावर खुशाल असाव्यात. तिथे खरोखरच दोन-दोन किलोंचा मामला असतो. आणि खांब आधीच हलत असेल, तर वरून सीलंट चोपडून भागत नाही. खांब काढायचा, भोकाभोवतीचा कुजलेला भाग खरवडून उरलेली जागा पूर्ण वाळू द्यायची, इपॉक्सीनं भरून नवं भोक पाडायचं, आणि बसवताना डेकच्या खालून वॉशरऐवजी तळहाताएवढी पट्टी द्यायची.