समुद्र आळेफाट्याहून किती दूर?

आळेफाट्याच्या चौकात उभे राहिले की चार दिशांचे चार फलक दिसतात. दक्षिणेला पुणे, उत्तरेला नाशिक, पश्चिमेला माळशेज घाट उतरून कल्याण आणि पूर्वेला अहिल्यानगर. बँकेच्या नोकरीतील माझी काही वर्षे या परिसरातील एका शाखेत गेली. त्या काळी या चौकाकडे मी केवळ बाजारपेठ म्हणून पाहिले. कांद्याचे लिलाव, मालमोटारींच्या रांगा, पीककर्जाच्या फायली आणि मार्चअखेरची वसुली, एवढाच माझा आळेफाटा होता. समुद्राचा विचार येथे कधी मनाला शिवला नाही. फलकांवर त्याचे नावच नव्हते.

तो विचार शिवायला हवा होता, असे आता वाटते. २००९ साली जून महिना जवळजवळ कोरडा गेला. जुलैमध्ये एक शेतकरी खातेदार दुबार पेरणीसाठी कर्ज मागायला आला. बाजरी आणि भुईमुगाचे बियाणे मातीत वाया गेले होते. कागदपत्रे पुढे सरकवीत त्याने विचारले, "साहेब, पाऊस कुणावर रुसला असंल?" मी म्हणालो, "निसर्गापुढे आपले काय चालते?" आणि अर्जातील पुढचा रकाना भरू लागलो. त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात 'एल निनो' हा शब्द मी वाचला होता आणि पान उलटले होते. प्रशांत महासागराचे पाणी तापले, याचा माझ्या शाखेतील थकबाकीशी संबंध असेल, हे एम.कॉम. झालेल्या मला सुचलेही नाही. त्या वर्षी देशभरात मोसमी पाऊस सरासरीपेक्षा सुमारे २२ टक्के कमी पडला.

गेल्या हिवाळ्यात सौभाग्यवतींसह पुन्हा त्या भागात गेलो. आळेफाट्याहून जवळच कुकडी नदीकाठी बोरी गाव आहे. नदीच्या काठच्या गाळात येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी या थराचा आणि परिसरातील अश्मयुगीन हत्यारांचा अभ्यास केला. ही राख सह्याद्रीची नव्हे. ती इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीची, असे अभ्यासक मानतात. ती सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची की त्याहून पुष्कळ जुन्या स्फोटाची, यावर विद्वानांत मतभेद आहेत. तोबाची राख हिंदी महासागराच्या तळाशीही पसरलेली आहे. संशोधन जहाजांनी तळातून काढलेल्या गाळाच्या लांब कांड्यांत तिचे थर मिळतात. भूमीवरच्या राखेची ओळख पटविताना रासायनिक घडणीची तुलना करतात, त्यात हे सागरी थरही उपयोगी पडतात. बोरीच्या मातीचा एक जोडकागद असा समुद्राच्या तळघरात जपून ठेवलेला आहे.

कुकडीचा प्रवासही विचार करायला लावणारा आहे. नाणेघाटाच्या परिसरात उगम पावणारी ही नदी अरबी समुद्राला पाठ दाखवून पूर्वेकडे निघते. ती घोडला मिळते, घोड भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. पाऊस येतो पश्चिमेच्या समुद्रावरून आणि पाणी जाते पूर्वेच्या समुद्रात. भरणा एका शाखेत आणि रक्कम काढणे दुसऱ्या शाखेत, असा हा हिशेब आहे. दोन्ही समुद्र एकाच महासागराचे भाग असल्याने खाते मात्र एकच!

हे खाते वाचण्याचा पहिला मोठा सामूहिक प्रयत्न म्हणजे १९५९ ते १९६५ या काळातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम. तोपर्यंत हा महासागर जगात सर्वांत कमी अभ्यासला गेलेला होता. अनेक राष्ट्रांची चाळीसहून अधिक जहाजे तीत सहभागी झाली. त्यांत भारतीय नौदलाचे 'किस्ना' हे जहाज होते. किस्ना म्हणजे कृष्णाच. आपल्या कुकडीचे पाणी जिला मिळते, तिच्याच नावाचे. मोसमी वाऱ्यांच्या अभ्यासासाठी मुंबईत कुलाबा वेधशाळेत आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र चालविण्यात आले. मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यात दोना पावला येथे तिचे मुख्यालय आहे. मोहिमेला पन्नास वर्षे झाल्यावर २०१५ च्या डिसेंबरात दुसऱ्या मोहिमेचा प्रारंभ गोव्यातूनच झाला.

आता संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे महासागर विज्ञानाचे दशक ठरविले आहे. युनेस्कोचा आंतरशासकीय महासागरविज्ञान आयोग त्याचे समन्वयन करतो. या दशकात संशोधनाइतकाच भर 'समुद्रसाक्षरते'वर आहे. समुद्राचा आपल्यावर होणारा परिणाम आणि आपला समुद्रावर होणारा परिणाम समजणे, अशी तिची साधी व्याख्या आहे. हे वाचताना मला आमची आर्थिक साक्षरतेची शिबिरे आठवली. फलक लावले, पत्रके वाटली, छायाचित्रे काढली म्हणजे साक्षरता आली, असे आम्ही अहवालात लिहीत असू. प्रत्यक्षात ज्याला चक्रवाढ व्याज स्वतःच्या वहीत दिसले, तोच साक्षर झाला. समुद्राचेही तसेच. किनाऱ्यावर स्वच्छतेचा एक दिवस पाळणे चांगले. पण आळेफाट्याच्या माणसाला समुद्र दिसायचा तर तो त्याच्या शेतात दिसला पाहिजे.

तो दिसतोही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि घाट चढून पुणे जिल्ह्यात आले. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात आदिवासी कुटुंबांना आधार देणाऱ्या हिरड्याचे त्यात नुकसान झाले आणि भरपाईची मागणी पुढे वर्षानुवर्षे चालली. अरबी समुद्राचे पाणी तापत आहे आणि तेथील चक्रीवादळे अलीकडे बळावली आहेत, असे शास्त्रज्ञ सांगतात. समुद्र न पाहिलेल्या घराचे पत्रे समुद्राने उडविले.

माझी आजी पाणी गाळल्याविना तोंडाला लावीत नसे आणि गाळण्यावर उरलेले जीव जपून त्याच पाण्यात परत सोडी. लहानपणी त्याचे हसू येई. समुद्राच्या पृष्ठभागावरील डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती जगातील जवळजवळ निम्मा प्राणवायू निर्माण करतात, हे वाचले तेव्हा तिचे ते गाळणे डोळ्यांसमोर आले. न दिसणाऱ्या जिवांची बूज राखणे आपल्या घरांना नवे नाही. त्या बूजेची कक्षा विहिरीपासून सागरापर्यंत वाढवायची आहे, इतकेच.

परतताना त्या जुन्या खातेदाराच्या घरी गेलो. शेत आता मुलगा पाहतो. चहा झाल्यावर मी म्हणालो, "तुम्ही एक प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर राहून गेले." आणि प्रशांत महासागराचे पाणी तापले की वाऱ्यांची घडी कशी विस्कटते, आपला मोसमी पाऊस पुष्कळदा कसा दुबळा होतो, हे मला समजले तसे सांगितले. त्या वर्षी एप्रिलमधील सरकारी अंदाज जवळपास सामान्य पावसाचाच होता, हेही लपविले नाही. तेव्हा हे ज्ञान असते तरी त्याचे पहिले बियाणे वाचले असते, असे मी म्हणू शकत नाही. दुसऱ्या पेरणीआधी दोन शब्द सावधगिरीचे मात्र सांगता आले असते.

म्हातारबाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजी आमच्या बाजरीचा हिशेब इतक्या लांब व्हतो व्हय!" आणि लगेच, "मग साहेब, येत्या सालाला समुद्राचं काय म्हणणं हाय?"

मुलाने खिशातून मोबाईल काढला. आम्ही तिघे त्याच्यावर वाकलो.