पेडण्याची अबोली, बेळगावची थंडी

बेळगावची थंडी माणसांना मानवते. घाटाखालून आलेल्या झाडांना मात्र ती सोसत नाही. आपल्या भागातल्या कितीतरी घरांची सोयरीक कोकण-गोव्याशी आहे. माहेराहून परतणारी लेक नारळ-सुपारीबरोबर एखादी फांदी, एखादा कंद पिशवीत घालून आणतेच. श्रावणात ते रोप तरारते, दिवाळीला फुलते आणि पौषात एका रात्री पाने काळवंडून मान टाकते.

आमच्या सासूबाईंचे माहेर पेडण्याचे. लग्न होऊन बेळगावात आल्याला त्यांना पन्नास वर्षे झाली. अबोली, नागवेल, मिरवेल आणि पातोळ्यांसाठी लागणारी हळद ही त्यांची माहेरची झाडे. थंडीत गेली की पुढच्या पावसाळ्यात मामांच्या अंगणातून पुन्हा यायची. यंदा मात्र मामांनी फोनवर सांगितले, "शिमगो झालो की घर बंद करतलंव." वय ऐंशीच्या पुढे, मुले पर्वरीला. म्हणजे यापुढे मागायला अंगणच राहणार नव्हते. जे आपल्याकडे जगेल तेच उरेल. म्हणून संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात आम्ही दोघी निघालो. धारवाडची माझी जाऊही बरोबर आली. तिचे माहेर कन्नड, आणि अबोलीला ती 'कनकांबर' म्हणते. गजऱ्यावरचा हक्क मात्र दोघींचा सारखाच!

जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला गाठेपर्यंत अंगात स्वेटर होते. घाट उतरून केरीला आलो तोवर ते हातावर आले. यात नवल नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच. हजार मीटर चढले की तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरते. शिवाय समुद्र दिवसाची ऊब धरून ठेवतो. किनाऱ्याजवळ जानेवारीतही पहाटेचा पारा विशीच्या आसपास असतो. आपल्याकडे तो बारा-तेरावर येतो, काही वर्षी दहाच्याही खाली. बर्फ, गारठून गोठणे हे आपल्याकडे नाही. पण उष्ण प्रदेशातल्या झाडाला बर्फ लागतच नाही. पारा दहाच्या जवळ रेंगाळला तरी तुळस, नागवेल, अबोली यांची मुळे पाणी ओढायला कुचराई करतात आणि पाने सुकतात.

डिचोलीत एका परिचितांच्या कुळागरात दुपारी थांबलो. कुळागर म्हणजे डोंगरउतारावरची, झऱ्याच्या पाण्यावरची बाग. सर्वांत वर माड आणि पोफळी, पोफळीच्या अंगावर मिरवेल, खाली केळी, आणि जमिनीलगत हळद, आले, अळू, अननस. आत शिरताच बाहेरच्या उन्हाचा आणि वाऱ्याचा विसर पडतो. थंडीत निरभ्र रात्री जमिनीतली ऊब थेट आभाळाकडे निघून जाते. वर पानांचे छप्पर असले की त्यातली बरीच खालीच अडते. उघड्या अंगणात दंव पडते तेव्हा झाडाखालची जमीन कोरडी असते, हे आपणही पाहिलेले आहे. कुळागरातली कोवळी वेल एकटी थंडी सोसत नाही, सगळी बाग मिळून सोसते. एकत्र कुटुंबाचे फायदे-तोटे दोन्ही जाणणाऱ्या आम्हा जावांना हे पटकन पटले!

संध्याकाळी कोलवाळचा पूल ओलांडून पेडण्यात आलो. हा तालुका झपाट्याने बदलतो आहे. मोपाच्या पठारावरच्या विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली, रस्ते रुंद झाले, जमिनींचे भाव चढले. तरी आतल्या वाटेने गेले की भात कापून झालेल्या शेतात वायंगणाची हिरवळ दिसते : तांबडी भाजी, मुळा, वांगी, अळसांदे, मिरची. याच तालुक्यातल्या हरमलच्या मिरचीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मिरची मूळची अमेरिकेतली, काजूही ब्राझीलचा. दोन्ही पोर्तुगीजांच्या गलबतांतून आले आणि इथले होऊन गेले. परक्या मातीत रुजायचे तर हवा मानवली पाहिजे, हे त्या झाडांइतके कुणाला ठाऊक असणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी अंगण दाखवले. त्यांची अबोली मोकळ्या जागेत नव्हतीच. चिऱ्याच्या जोत्याला लागून, पूर्वेकडे तोंड करून रांग होती. चिरा दिवसभर तापतो आणि रात्री हळूहळू ऊब सोडतो. सकाळचे पहिले ऊनही तिथेच पडते. बुंध्याशी वीतभर पातेरा. हळदीचे वाफे मात्र पिवळे पडलेले पाहून जाऊबाई हळहळल्या आणि पाण्याचा तांब्या शोधू लागल्या. मामा हसले. "हळद निजली मगे, तिका आता उदक कित्याक?" पाने वाळली तरी जीव खाली कंदात असतो. या दिवसांत पाणी घातले तर तो कुजतो. अळू, सुरण यांचेही तेच.

मी थंडीला नावे ठेवू लागले तेव्हा मामांनी परसातला आंबा दाखवला. मोहराने लवला होता. आंब्याला मोहर धरायला रात्रीचा गारवा लागतोच. मात्र त्यात ढगाळ हवा आणि धुके आले की भुरी आणि तुडतुडे मोहर खातात. म्हणजे एकाच थंडीत एक झाड फुलते आणि दुसरे सुकते. माळ्याने दोघांची गरज ओळखावी.

असली धडपड जगभर चाललेली आहे. फ्रान्सच्या राजाने व्हर्साय येथे १६८४ ते १६८६ या काळात भव्य दालन बांधून घेतले, ते कुंड्यांतली संत्र्याची झाडे हिवाळ्यात आत ठेवण्यासाठी. त्याच्या शंभरएक वर्षे आधी, १५६३ मध्ये, गार्सिया द ओर्ता या वैद्याचा इथल्या औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ गोव्यातच छापला गेला होता. आपल्याला दालन नको. एक भिंत, थोडा पाचोळा आणि जुने लुगडे पुरते.

मामांचे सांगणे आणि बेळगावचा अनुभव जुळवून आम्ही घरासाठी जे ठरवले, ते वाचक भगिनींनाही उपयोगी पडेल. दिवाळीनंतर कुंड्या मोकळ्या गच्चीवरून काढून पूर्वेच्या किंवा दक्षिणेच्या भिंतीलगत, एकमेकींना चिकटून ठेवाव्यात. पाणी सकाळी ऊन आल्यावर द्यावे, तेही माती वरून कोरडी झाली तरच. पत्ता ओवा, म्हणजे आपली दोड्डपत्रे, थंडीपेक्षा ओल्या मुळांनीच जास्त मरते. कडक गारठ्याच्या रात्री काठ्या रोवून त्यांवर सुती कापड किंवा गोणपाट टाकावे आणि सकाळी काढावे. प्लास्टिक पानांना टेकू देऊ नये. मार्गशीर्ष-पौषात छाटणी करू नये, खत घालू नये. त्याने कोवळी फूट येते आणि तीच आधी करपते. कढीलिंबाने पाने गाळली तर घाबरू नये, उन्हाळा लागला की तो फुटतो. तुळशीच्या मंजिऱ्या तुलसीविवाहानंतर वाळवून बी राखेत घालून ठेवावे. उत्तरेकडे थंडीत तुळशीवर ओढणी घालतात, त्यामागे भक्तीइतकीच काळजी आहे.

आमच्या पिशवीत या खेपेला काय आले? हळदीचे कंद, आणि अबोलीच्या वाळल्या शेंगा. या शेंगांना पाणी लागले की तडतडून बी उडते. जाऊबाईंच्या मुलाला त्याचा फार आनंद झाला. फांद्या मात्र मामांनी देऊ दिल्या नाहीत. उबेतून एकदम गारठ्यात नेलेली फांदी जगत नाही, असे त्यांचे म्हणणे. मिरवेलीचे जमिनीवर पसरलेले धुमारे फाल्गुनातच काढायचे असतात. तेव्हा घराला कुलूप लावायच्या दिवशी आम्ही पुन्हा जाणार आहोत, कात्री आणि ओले गोणपाट घेऊन.

परतीच्या वाटेवर सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. चोर्ल्याला गार वारा लागल्यावर त्यांनी पदर डोक्यावरून घेतला आणि वाटणी सांगून टाकली : एक रोप बेळगावला, एक धारवाडला, एक शेजारच्या हिरेमठ वहिनींकडे. जाऊबाई म्हणाल्या, "अत्ते, धारवाडात चळी आणखी जास्त." त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणूनच तीन घरी. एका घरचे गेले तर दुसऱ्या घरातून मागता येईल. मागायला एक तरी अंगण असावे."