टाळ्यांविना नाटक

"तुला काय होतंय?" या प्रश्नाला आठवीतल्या मुलाचं उत्तर ठरलेलं असतं, "काही नाही." बाईंनी विचारा, आईने विचारा, समुपदेशकांनी दार लावून घेऊन विचारा. त्याच मुलाला सांगा, तू आता बाबा हो, की तो खुर्ची ओढून बसतो.

असा एक तास मी मागच्या बाकावरून पाहिला. प्रगतिपुस्तक आणि संध्याकाळी घरी येणारे बाबा, एवढाच प्रसंग. बाबा आता ओरडणार, अशी वर्गाची खात्री. बाबा झालेल्या मुलाने हातात नसलेली पिशवी खाली ठेवली, बुटांच्या नाड्या सावकाश, फारच सावकाश सोडल्या आणि म्हणाला, "सही कुठे करू?" बस्स. मुलगा झालेल्या मित्राला पुढे काय बोलावं सुचेना. मग तास घेणाऱ्या ताईंनी भूमिकांची अदलाबदल केली. हा मुलगा, तो बाबा. "तुम्ही काहीच कसं विचारत नाही हो?" हे वाक्य तेव्हा आलं. ते कुणाच्या घरातलं, हे ताईंनी विचारलं नाही. त्यांची खरी हुशारी मला तिथे दिसली.

अदलाबदलीची ही रीत सायकोड्रामाची, म्हणजे नाटकातून करायच्या मानसोपचाराची. तो जेकब मोरेनो या मानसोपचारतज्ज्ञांनी उभा केला. 1920च्या दशकात व्हिएन्नात ते संहितेशिवाय नाटकं करत, त्याचं बीज तिथलं. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी तर प्रेक्षकालाच वर बोलावलं: पटत नाही ना, मग ये आणि प्रसंग बदलून दाखव. आपल्याकडे 1986मध्ये जर्मनीतली ग्रिप्स ही बालनाट्य चळवळ पुण्यात रुजवणारे मोहन आगाशे हेही मानसोपचारतज्ज्ञच. ग्रिप्स म्हणजे उपचार नव्हे. पण पऱ्या-राक्षस बाजूला ठेवून घरातली भांडणं मुलांच्या बाजूने मांडता येतात, हे तिने दाखवलं.

भूमिकेत बोलणारा 'मी' नसतो, म्हणून तर तो बोलतो. "हे तुझंच ना रे?" म्हटलं की संपलं. त्यामुळे उत्साही नाट्यशिक्षकांची मला थोडी धास्तीच वाटते. मूल रडलं म्हणजे उपचार झाला असं नाही. त्याला भूमिकेतून बाहेर आणून सावरून घरी पाठवणं शिकावं लागतं. मारहाण, अत्याचार असं काही डोकावलं, तर तिथे तज्ज्ञच हवा.

मुख्याध्यापकांना एक विनंती. असा तास जरूर सुरू करा. पण त्यातला प्रसंग स्नेहसंमेलनात बसवू नका आणि त्याचा व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर टाकू नका. बक्षीस तर नकोच.