पंक्ती आणि तिचा प्रपंच

‘पंक्ती’ या शब्दाचे मराठीत दोन संसार आहेत. कवितेची ओळ ही पंक्ती आणि जेवावयास बसलेल्यांची रांग हीही पंक्तीच. दोहोंतही प्रश्न एकच: कोणाशेजारी कोण? या प्रश्नाचे एक गणितही आहे, हे आम्हां मराठीच्या अध्यापकांना अलीकडे कळले. निमित्त झाले ते महाविद्यालयातील खोल्यांच्या फेरवाटपाचे. सर्व विभाग एका लांब व्हरांड्यालगत आले आणि मराठीच्या वाट्याला शेवटची खोली आली. कारण विचारता ‘संगणकाने तसे ठरविले’ असे उत्तर मिळाले. उत्तर पटले नाही, म्हणून आम्ही ते गणितच समजून घेतले.

डोनाल्ड सिमन्स यांनी १९६९ साली हा प्रश्न मांडला. खोल्यांची लांबी ठाऊक आहे, कोणत्या दोन खोल्यांमध्ये किती ये-जा होते हेही ठाऊक आहे. तर त्या एका रेषेत कशा लावाव्यात, म्हणजे एकूण चालणे कमीत कमी होईल? कपाटातील ग्रंथ, कारखान्यातील यंत्रे यांनाही हाच प्रश्न लागू पडतो.

उदाहरण घेऊ. कार्यालय १० मीटर, अध्यापक-कक्ष ८ मीटर, मराठी विभाग ४ मीटर. कार्यालय व कक्ष यांत रोज २० खेपा, कक्ष व मराठी यांत १०, कार्यालय व मराठी यांत २. अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजावयाचे. कक्ष मध्ये ठेवल्यास एकूण चालणे २७० मीटर, मराठी मध्ये ठेवल्यास ३३४, कार्यालय मध्ये ठेवल्यास ३५४. म्हणजे मराठी टोकालाच! गणितात खोट नाही.

तीन खोल्यांच्या मांडण्या तीनच, कारण उलटी रांग सारखीच मोजली जाते. बारा खोल्यांच्या मात्र २३ कोटी ९५ लाख ८०० होतात. म्हणून कोणी दोन खोल्यांची अदलाबदल करून पाहतो आणि चालणे घटले तर ती राखतो. अशाने चांगली रांग हाती लागते, परंतु याहून चांगली नाहीच, याची ग्वाही मिळत नाही. ती ग्वाही देण्यासाठी ‘याखाली उतरणे अशक्य’ अशी सीमा सिद्ध करावी लागते. आंजोस आणि वॅनेली यांनी २००८ साली ३० घटकांपर्यंतच्या काही रांगांसाठी ते साधले. अवघ्या तीस घटकांसाठी एवढा खटाटोप, हे वाचून आमचा त्या शास्त्राविषयीचा आदर वाढला.

रंगनाथनांची येथे आठवण होते. मुळात गणिताचे अध्यापक असलेले हे गृहस्थ १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. ज्ञानाला अनेक दिशा, फळीला मात्र एकच. त्यामुळे प्रत्येक ग्रंथाला दोनच शेजारी लाभतात. कोणते नाते जपावे आणि कोणते दूर सारावे, हे ठरविणे म्हणजेच वर्गीकरण. तुकोबांची गाथा संतवाङ्मयाशेजारी ठेवली की ती सामाजिक इतिहासापासून दुरावते. अभ्यासक्रम आखताना आम्हीही हेच करीत असतो.

मग आमचा आक्षेप कशाला? रांगेला नव्हे, त्या खेपांच्या आकड्यांना. ते आकडे जुन्या इमारतीतील नोंदींवरून घेतलेले होते आणि तेथेही आमची खोली आडबाजूलाच होती. जी खोली दूर, तिच्याकडे पावले कमी वळतात. पावले कमी, म्हणून ती पुन्हा दूर. या चक्राला गणित जबाबदार नाही. त्याला जे सांगितले तेच ते जाणते. शिवाय एकूण चालणे कमी करणे हे उद्दिष्ट माणसाने निवडलेले असते. ‘कोणालाही फार चालावे लागू नये’ असे उद्दिष्ट ठेवले असते, तर कदाचित रांगही निराळी लागली असती. पंक्तिप्रपंच वाढप्याच्या हातून घडतो खरा, पण पाने कोणाच्या यादीवरून मांडली हेही विचारावे लागते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे ओळखीचे वाटेल. कोणता कवी ‘मध्यवर्ती’ आणि कोणता ‘परिघावरचा’ हे आपण ग्रंथालयातील उचल आणि प्रश्नपत्रिकांतील उल्लेख यांवरून ठरवितो, आणि ती उचल व ते उल्लेख आपल्याच मागच्या रांगेने घडविलेले असतात. यापुढे कोणी म्हणाले की हा क्रम गणिताने ठरविला, तर गणिताशी भांडू नये. खेपा कोणी मोजल्या, आणि ज्यांना यावयाचे होते पण येता आले नाही, त्यांची नोंद कोठे आहे, एवढे नम्रपणे विचारावे.